पद्माक्कांचे डाळिंबी जीव

सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या शाहूपुरीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत यायचं, आणि त्या उन्हात पद्माक्का एक प्लास्टिकची पिशवी धरून उभ्या असायच्या. पिशवीत तळाशी ओंजळभर पाणी, वर फुगलेली हवा, पाण्यात हिरव्या शेवाळाचा एक पुंजका, आणि त्या पुंजक्याला बिलगलेले डाळिंबाच्या दाण्यांच्या रंगाचे दहा-बारा जीव. आक्का ती पिशवी डोळ्यांच्या पातळीवर आणून सावकाश फिरवायच्या. पाण्यातून गाळून आलेला प्रकाश त्यांच्या फिक्या पातळावर, मनगटावर, गालाच्या सुरकुत्यांवर थरथरत राहायचा, आणि तेवढा वेळ त्यांचा श्वाससुद्धा बेताने चालला आहे असं वाटायचं. मग पिशवीच्या तोंडाला रबराचा एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि शेवटच्या वेढ्याचा टप्प असा आवाज. खाली माझ्या खोलीत तो आवाज आला की मला कळायचं, आज सोमवार.

सोमवारच का, तर वाटेत रविवार येऊ नये म्हणून. टपालाची पेटी शनिवारी निघाली तर ती कुठल्यातरी कोपऱ्यात सुटी संपेपर्यंत पडून राहते, आणि आतल्या जिवांना सुटी माहीत नसते. हे मला आक्कांनीच सांगितलं. आक्का माझ्या घरमालकीण. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवून द्यायच्या आणि संध्याकाळी खालच्या दोन खोल्यांत येऊन आपल्यापुरता भात टाकायचा, असं माझं आयुष्य. लग्न केलं नाही, आई गेली, आणि स्वभाव म्हणाल तर धंद्याने असा करून ठेवला की दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तरी माझी सकाळ नासायची. अशा माणसाला लोक घरी बोलावत नाहीत. मलाही त्याचं काही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

आक्का शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि इथल्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीत निवृत्तीपर्यंत राहिल्या. रक्ताच्या पिशव्या थर्माकोलच्या पेटीत बेताच्या थंडाव्यात बसवायच्या, चिठ्ठी लावायची, आणि पेटी आजरा-चंदगडच्या वाटेला लावायची, हे त्यांनी उभा जन्म केलं. त्यांचे यजमान शिरोलीला फाउंड्रीत होते; ते गेल्यावर मुलगा अभय नोकरीला पुण्याला गेला, आणि जाताना आपली हौसेची काचेची टाकी मागे ठेवून गेला. मासे त्याने मित्रांना वाटले होते. रिकामी म्हणून टाकी धुवायला घेतली तेव्हा शेवाळात नखाएवढे तांबूस झिंगे हलताना आक्कांना दिसले, आणि त्यांनी हातातली घासणी खाली ठेवली. झिंगा, कोळंबी हे शब्द मात्र त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. ते त्यांना ताटातले वाटायचे. त्या नुसतं ‘जीव’ म्हणायच्या.

एका टाकीच्या तीन झाल्या. यजमानांनी हयात असताना स्वतः वेल्डिंग करून आणलेल्या लोखंडी मांडणीवर त्या एकाखाली एक बसल्या. हवेच्या नळीचा बुडबुड असा अखंड, मंद नाद त्या खोलीत वस्तीला आला, आणि मला पुढे असं झालं की तो ऐकू आला नाही तर झोप लागेना. उन्हाळ्यात दुपारी खिडकीला ओलं पोतं, थंडीत काचेभोवती जुनी शाल. ऋतू बाहेर पालटायचा तसा आक्कांच्या त्या खोलीतही पालटायचा. मार्गशीर्षात कागलच्या बाजूने गुऱ्हाळांचा गोड वास वाऱ्यावर यायला लागला की त्या म्हणायच्या, “आता धाडायला बरं दिवस आलं.” त्यांच्या पंचांगात वर्षाचे दोनच भाग होते, जीव प्रवासाला धाडता येतील असा आणि येणार नाहीत असा.

पाणी बदलण्याची त्यांची एक रीत होती, ती पाहायला मी कामाला उशीर झाला तरी थांबायचो. टाकीतलं जुनं पाणी नळीने काढलं की त्या ते सरळ मोरीत सोडत नसत. घमेल्यावर पांढरं, दुहेरी, मऊ गाळणं धरायच्या आणि पाणी त्यातून जाऊ द्यायच्या. मग ते कापड उलटं करून, टाकीतल्याच पाण्याने हलक्या हाताने खळबळून, जे काही त्यावर अडकलं असेल ते परत टाकीत सोडायच्या. लहानपणी आईने विहिरीवर हेच शिकवलं होतं: गाळलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळण्यावर मरू द्यायचे नाहीत, ज्या पाण्यातून आले त्या पाण्यात परत पोचवायचे. त्याला त्यांच्या घरी जिवाणी म्हणत. आम्ही इतरेजन याला सोवळं समजून हसायचो. पण त्या गाळण्यावर खरोखरच डोळ्यांना न दिसणारी, केसाच्या टोकाएवढी पिल्लं असायची, आणि आक्कांच्या टाकीत पिल्लं कमी होत नाहीत याचं शहरातल्या हौशी लोकांना वाटणारं गूढ एवढंच होतं.

रंग त्यांनी वर्षानुवर्षं निवडून आणला होता. सुरुवातीला ते जीव फिके, पाण्यात विरघळलेल्या कुंकवासारखे होते. त्यांतले जास्त गडद ते वरच्या टाकीत, मध्यम ते मधल्या, फिके ते खालच्या. फिक्यांना काढून टाकायचं नाही. त्यांनी आपलं आयुष्य खाली सुखाने काढायचं. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि वरच्या टाकीत तो डाळिंबी रंग उतरला, इतका दाट की उन्हात त्यांच्या पाठीवर काळसर झाक यायची. हा रंग दुसरीकडे मिळत नाही असं लोक म्हणायचे. आक्कांना त्याचा अभिमान होता, पण तो दाखवायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं. कुणी कौतुक केलं की त्या उगाच काच पुसायला लागायच्या.

मागणी गावोगावहून यायची. बांधणीचं काम रविवारपासून सुरू व्हायचं, कारण त्या दिवशी निघणाऱ्या जिवांना काही घालायचं नाही. “उद्या प्रवास हाय, आज त्यांचा उपास,” आक्का सांगायच्या. “पोटात काय नसलं की पाणी घाण व्हत न्हाय.” पोटाखाली अंडी धरलेली मादी आणि नुकतीच कात टाकलेला जीव यांना प्रवासातून सूट. पाणी त्यांच्याच टाकीतलं. पिशवीचे खालचे कोपरे रबराने आवळलेले, म्हणजे कोपऱ्यात कुणी चेंगरत नाही. आत शेवाळ, म्हणजे धरायला काहीतरी आहे. एका पिशवीबाहेर दुसरी उलटी पिशवी, मग वर्तमानपत्राचे बोळे, मग थर्माकोलची पेटी. हाताशी धरून ठेवायला काही मिळालं की जीव घाबरत नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते बोलताना त्यांची बोटं शेवाळ इतक्या मायेने विलग करायची की मला दरवेळी नजर दुसरीकडे वळवावी लागायची.

पेटीवरची चिठ्ठी त्या स्वतः लिहायच्या, टपोऱ्या, शाळेतल्या अक्षरात. ‘आत जिवंत जीव आहेत. सावलीत ठेवा. उपकार होतील.’ मी माझा धंदा तिथेही केला. म्हटलं, आक्का, जीव म्हटल्यावर तो जिवंतच असणार, एक शब्द जास्त होतोय. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “वाचणारा घाईत असतोय. दोनदा सांगितल्यालं बरं.” घेणाऱ्यासाठी आत एक कागद असायचा: पिशवी आल्याबरोबर टाकीत ओतू नये, भांड्यात काढून सलाईनच्या नळीने आपल्या टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडावं, घटका-दोन घटका लागल्या तरी चालतील. हा भाग मला पटकन समजेना तेव्हा त्या म्हणाल्या, “पावणं दारात आलं की आधी पाय धुवायला पाणी देतोय का न्हाय आपण? मग बसवतोय, मग च्या. आल्या आल्या ताटावर बसवलं तर त्याला तरी कसं जेवाण जाईल?”

मी या कामात कसा ओढला गेलो ते मलाही नीट आठवत नाही. एका सोमवारी जिन्यातून हाक आली, “विलास, जरा पिशवी धर की.” त्यांना गाठ मारायला तिसरा हात हवा होता. मी वर गेलो, पिशवी धरली, चहा प्यालो, खाली आलो. पुढच्या सोमवारी पुन्हा हाक. पाच-सहा सोमवार गेल्यावर हाक यायच्या आधीच मी जिन्यात असायचो. माणसांच्या सहवासाची मला सवय नव्हती, आणि आक्कांनी ती मला न सांगता, पाण्याची सवय लावावी तशी थेंबाथेंबाने लावली. त्या कधी विचारत नसत की मी असा एकटा का. फक्त दुसरा कप आधीच मांडून ठेवलेला असायचा.

मग एका चैत्रात त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि अभयने त्यांना शस्त्रक्रियेसाठी पुण्याला नेलं. जाताना त्यांनी वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात दिली. खायला चिमूटभर, दिवसाआड. उन्हाने पाणी आटतं, तेवढं वरून घालायचं. कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात चार दिवसांचं निवलेलं पाणी आहे, त्यातलंच. “बाकी काय न्हाय. हवा बंद पडू देऊ नको.” रिक्षात बसेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून खिडकीकडे पाहिलं नाही. माझ्यावर सोडलं म्हणजे सोडलं.

मला तो विश्वास पेलायचा होता, आणि घोळ तिथेच झाला. त्या वर्षी चैत्रातच वैशाख पेटला होता. पाणी भराभर आटत होतं आणि पाचव्या दिवशी पिंपाचा तळ दिसला. नळाला त्या सकाळी गढूळ पाणी आलं, औषधाच्या वासाचं; ते घालणं मला अपराधासारखं वाटलं. मग माझं लक्ष माझ्या स्वयंपाकघरातल्या हंड्याकडे गेलं. आईचा तांब्याचा हंडा, आमच्या घरातली एकमेव देखणी वस्तू. मी आदल्याच दिवशी तो चिंच-मिठाने घासून लखलखीत केला होता आणि रात्रभर त्यात पिण्याचं पाणी भरून ठेवलं होतं. आई म्हणायची, तांब्यातलं पाणी म्हणजे अमृत. आमच्याकडे आजाऱ्याला, पाहुण्याला, देवाला त्यातलंच पाणी. मी आक्कांचं पांढरं गाळणं घेतलं, ते दुहेरी करून त्यातून पाणी गाळलं आणि तिन्ही टाक्यांत भक्तिभावाने ओतलं. सांगायला लाज वाटते, पण ओतताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं.

त्या दुपारी जीव वेड्यासारखे पोहायला लागले. एरवी ते शेवाळावर निवांत चरणारे, समोरचे चिमुकले हात सारखे तोंडाकडे नेणारे. आता काचेवर आपटत, वर येत, खाली पडत होते. मला वाटलं, ताजं पाणी मिळाल्याचा आनंद. सातव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तेव्हा हवेचा बुडबुड चालू होता, ऊन नेहमीच्या जागी आलं होतं, आणि तिन्ही टाक्यांच्या तळाशी ते सगळे कुशीवर पडले होते. त्यांचा डाळिंबी रंग मेल्यावर उतरून शिजल्यासारखा फिकट गुलाबी झाला होता. मी त्या खोलीत उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एका चुकीभोवती तांबडं वर्तुळ काढून समासात काही लिहिता येत नव्हतं.

मी फोन केला नाही. हे मी लपवणार नाही. डोळ्यांवर ताण नको असं निमित्त मी स्वतःला दिलं, पण खरं म्हणजे मी घाबरलो होतो. आक्का आल्या त्या संध्याकाळी काळा चष्मा लावून, अभयच्या खांद्याला धरून. सगळे जीव गेल्याचं मी दारातच सांगितलं. त्या जिना चढल्या, चष्मा काढला, नव्या डोळ्याने टाकीजवळ वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

“पाणी कुठलं घातलंस?”

“आमच्या हंड्यातलं. गाळून.”

“तांब्याच्या?”

मी मान डोलावली. त्या स्टुलावर बसल्या. तांब्याचा अंश पाण्यात उतरतो, माणसाला त्याने काही होत नाही, पण या जिवांना ते विष आहे, हे त्यांनी मला अगदी हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. त्यांच्या घरात वर तांब्याचं एकही भांडं नव्हतं, देवासमोरसुद्धा नव्हतं. इतके सोमवार मी तिथे चहा प्यालो होतो, आणि चुका शोधण्याची भाकरी खाणाऱ्या माझ्या डोळ्यांनी एवढी ठळक गोष्ट टिपली नव्हती.

“चिंच लावून घासला हुतास?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पदर डोळ्यांकडे नेला, मग शस्त्रक्रियेची आठवण होऊन तो तसाच खाली घेतला. “चांगलं म्हणूनच घातलंस न्हवं? मी सांगून जायला पायजे हुतं. माझंच ऱ्हायलं.”

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला. आम्ही दोघांनी चहाच्या गाळणीने ते सगळे जीव गोळा केले आणि गच्चीवरच्या जास्वंदीच्या कुंडीत पुरले. मग त्यांनी वही उघडली आणि ज्यांना जीव धाडायचं कबूल केलं होतं त्यांना एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन धुळ्याच्या शमीमबाईंना होता. शमीमबाई शाळेत शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी आक्कांकडून त्यांनी वरच्या टाकीतले बारा जीव नेले होते आणि आता आणखी हवे होते. “न्हाय ओ बाई, आता न्हाईत जीव. समदे गेले,” एवढं आक्कांचं वाक्य मला ऐकू आलं. पलीकडून ‘कसे?’ असं विचारलं जाणार आणि उत्तरात माझं नाव येणार, हे कळून मी जिना उतरून खाली आलो आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे वरचं काही ऐकू येऊ नये.

त्यानंतर मी वर जाणं बंद केलं. घर बदलावं असं मनात आलं. दोन ठिकाणी खोल्या बघूनही आलो. ज्यांच्या ज्यांच्याशी आक्का बोलल्या त्यांच्या सगळ्या अनोळखी गावांत मी ‘तो’ म्हणून ओळखला जातोय असं मला वाटायचं. पुढचा सोमवार उजाडला. रबराचा आवाज येणार नव्हता, आणि मी कान झाकून घेतल्यासारखा कामाला निघालो, तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

“विलास, सोमवार हाय की.”

मी वर गेलो. पिशवी नव्हती, पेटी नव्हती. दोन कप मांडलेले होते. आम्ही चहा प्यालो, त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांची नक्कल करून दाखवली, आणि मी साडेनऊला कामावर गेलो. पुढच्या सोमवारी पुन्हा तसंच. आक्कांनी टाक्या रिकाम्या केल्या, वाळू फेकून नवी आणली, काचा पुन्हा पुन्हा धुतल्या, नवं पाणी भरलं, एका ओळखीच्या माणसाकडून थोडं शेवाळ मागून आणलं. आणि मग त्या निर्जीव पाण्याला त्या हवा देत राहिल्या. वैशाख गेला, पावसाळा गेला, नवरात्र आलं. तीन टाक्यांमध्ये कुणीही नाही, आणि बुडबुड मात्र अहोरात्र. मी एकदा विचारलं, आक्का, आत कुणी नाही, मग वीज कशाला? “पाण्याला बरं व्हायला येळ लागतोय,” त्या म्हणाल्या. ज्यांना त्यांनी जीव दिले होते त्यांच्याकडून चार परत मागावेत असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी ठाम मान हलवली. दिलेलं मागून त्या माणसाला अडचणीत टाकायचं नाही, हा विषय तिथेच संपला.

दिवाळी झाली आणि हवेत गारवा आला. एका बुधवारी, मी घरीच होतो, टपालवाल्याने थर्माकोलची पेटी दारात ठेवली. वरती माझ्या ओळखीच्या मजकुराची चिठ्ठी होती, फक्त अक्षर वेगळं, उर्दू लिहिण्याची सवय असलेल्या हाताचं, किंचित झुकलेलं: ‘आत जिवंत जीव आहेत. सावलीत ठेवा. उपकार होतील.’ मी पेटी दोन्ही हातांनी धरून वर नेली. जिन्याची एकेक पायरी मी पाय चाचपून चढलो.

आक्कांनी पेटी उघडली. वर्तमानपत्राचे बोळे, उलटी पिशवी, आवळलेले कोपरे, तळाशी ओंजळभर पाणी, शेवाळाचा पुंजका. आणि त्या पुंजक्याला धरून, दोन रात्रींचा प्रवास करून आलेले वीस डाळिंबी जीव. एकही गेलेला नव्हता. सोबत शमीमबाईंच्या चार ओळी होत्या: उन्हाळ्यात ऐकलं तेव्हाच पाठवणार होते, पण ऊन उतरल्याशिवाय धाडायचे नाहीत हे तुम्हीच शिकवलं, म्हणून थांबले, हे तुमच्याच बारांचे नातू-पणतू आहेत, माहेरी आलेत असं समजा. आक्कांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांच्या नव्या डोळ्याला आता पाणी चालत होतं. त्यांनी पिशवी खिडकीपाशी नेली, आणि कितीतरी महिन्यांनी तो लाल-हिरवा प्रकाश त्यांच्या गालावर पुन्हा हलला.

मग त्यांनी सलाईनची नळी काढली आणि ती माझ्यापुढे धरली. “तू सोड पाणी.”

मी म्हटलं, आक्का, मला नको. माझ्या हातून नको. त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. माझा हात धरला, नळीचं चाक माझ्या अंगठ्याखाली दिलं आणि चहा ठेवायला आत निघून गेल्या. मी एकटा त्या भांड्यापाशी बसलो. एक थेंब, मग एक थेंब. जगात त्या सकाळी दुसरं काही चाललं होतं की नाही मला माहीत नाही. दीड तासाने त्यांतला एक जीव शेवाळ सोडून पुढे आला आणि निवांतपणे आपले चिमुकले हात तोंडाकडे नेऊ लागला. मी ओक्साबोक्शी रडलो. आतून आक्का म्हणाल्या, “च्यात साखर किती घालू?” त्यांना साखर किती ते पक्कं माहीत होतं.

पुढची चार वर्षं टाक्या पुन्हा भरल्या, पेट्या पुन्हा निघाल्या. या थंडीत आक्का अभयकडे पुण्याला गेल्या होत्या, तिथेच एका पहाटे झोपेत गेल्या. अभयने घर ठेवलंय. टाक्याही म्हणाला, काका, तुमच्याजवळच राहू द्या. त्यांच्या वहीतल्या लोकांना कळवायचं काम मी अंगावर घेतलं, आणि वहीत पहिलं नाव शमीमबाईंचं होतं. मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. धीर झाला नव्हता. आक्का गेल्याचं मी फोनवर सांगितलं. मग आठवणी निघाल्या, ती पेटी निघाली, आणि मी स्वतःच म्हणालो की बाई, ते तांब्याचं पाणी घालणारा मीच, आक्कांनी तुम्हाला सांगितलंच असेल.

“नाव नाही सांगितलं त्यांनी,” शमीमबाई म्हणाल्या. “मी विचारलं होतं, असं केलं तरी कुणी? तर म्हणाल्या, घरातल्याच माणसाच्या हातनं झालं, बाई, मायेपोटी झालं. मला वाटलं मुलगा असेल. तर म्हणाल्या, थोरला पुण्याला असतो. हा खाली असतो.”

मी फोन ठेवला. त्या सकाळी नळाच्या आवाजात मी जे ऐकायचं टाळलं होतं ते हे होतं, आणि ते मला इतकी वर्षं उशिरा, बोलणारं माणूस निघून गेल्यावर, धुळ्याहून ऐकू आलं. गेलेला काळ बदलत नाही असं आपण धरून चालतो. माझा बदलला. आक्कांच्या माडीखाली मी एकटा राहत होतो अशीच माझी त्या सगळ्या वर्षांची आठवण होती. त्या गेल्यावर कळलं, की मी घरी राहत होतो.